पाण्याचा पेला आणि जुनी ऑटोमॅटिक

४ फेब्रुवारी

भोंग्या,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर नीट वागलास तर. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ओरडतोस, मी फोन ठेवते आणि मग दोन-दोन महिने आपण एकमेकांच्या फोनची वाट बघत फुगून बसतो. जन्मभर गॅरेजमध्ये हातोड्यांच्या वर आवाज चढवून बोललास, त्याला तू तरी काय करणार. कागदावर ओरडता येत नाही. म्हणून यापुढे जे काय असेल ते लिहून.

मुद्द्याचं बोलते. मला गाडी घ्यायची आहे.

माझ्या डाव्या घोट्याचं तुला ठाऊकच आहे. पट्टी आणि स्क्रू घालून जोडला, पण आता वाकत नाही. मी इस्पितळात पाय टांगून पडले होते तेव्हा तुझ्या भाच्याने माझी गाडी विकून टाकली. विचारलंसुद्धा नाही. म्हणे, आई, आता तू क्लच कशाने दाबणार, आणि कशाला या वयात दगदग, आता विश्रांती घे. विश्रांती मी मेल्यावर भरपूर घेणार आहे. विमा कंपनीत नोकरी करून करून चिरंजीवांना जगात फक्त अपघात दिसतात.

तेव्हापासून मी पार्सल झाले आहे. एकाने उचलायचं, दुसऱ्याने पोचवायचं. परवा मैत्रिणीकडे गप्पा ऐन रंगात आल्या होत्या आणि हा खाली हॉर्न वाजवत उभा. अडुसष्टाव्या वर्षी मी हॉर्न ऐकून अर्ध्या वाक्यात उठले. घरी येऊन रडले, हे फक्त तुला सांगते.

डॉक्टर म्हणतात, उजवा पाय ठणठणीत आहे, बिनक्लचची गाडी खुशाल चालवा. नवी घ्यायची ऐपत नाही आणि चिरंजीवांपुढे हात पसरणार नाही. तेव्हा जुनी ऑटोमॅटिक, चार दरवाजे, मागे डिकी असलेली. मी आयुष्यभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासली आहे. काय बघायचं ते नीट सांगितलंस तर गाडीही तपासेन.

सूनबाई माझ्या बाजूने आहे, पण नवऱ्यासमोर नाही.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार, मनातल्या मनात. कंबर धरली आहे.

तुझं पत्र आत्ता आलं. मला खरं तर अजिबात फुरसत नाही. गॅरेज विकलं तरी लोक पाठ सोडत नाहीत, सकाळपासून दारात रांग असते. खाली आता केकचं दुकान झालं आहे. जिथे मी इंजिनं टांगत होतो तिथे पोरी क्रीमची फुलं काढतात. तरी बहीण म्हणून वेळ काढून लिहितो.

पहिली गोष्ट. विकणाऱ्याला आदल्या दिवशी बजावून ठेव, गाडी मी आल्याशिवाय सुरू करायची नाही. गेल्या गेल्या नमस्कार-चमत्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, सकाळच्या खोकल्याची उबळ काढून आजोबांना पावडर लावून बसवलं आहे. जुनी गाडी खरं बोलते ती फक्त थंड असताना.

दुसरी, आणि ऑटोमॅटिकमध्ये सगळा जीव हिच्यातच. गिअरबॉक्सचं तेल. जुन्या गाड्यांना ते बघायची वेगळी पट्टी असते. गाडी थोडी फिरवून आण, सपाट जागी उभी कर, इंजिन चालू ठेवून पट्टी ओढ आणि थेंब पांढऱ्या कागदावर टाक. लाल आणि नितळ असेल तर छान. तपकिरी म्हणजे म्हातारं. काळं आणि जळका वास म्हणजे आत चकत्या जळल्या, तिथून चालती हो. गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे, तिथून पळ.

तिसरी गोष्ट तुझ्या स्वतःबद्दल. ऑटोमॅटिकचा ब्रेक चांगला रुंद असतो आणि क्लचची सवय असलेला डावा पाय त्याच्यावर जाऊन आदळतो. तो पाय सीटखाली दुमडून ठेव आणि तिथेच राहू दे.

बाकी पुढच्या पत्रात, एकदम सगळं सांगितलं तर तू घोटाळा करशील. काय झालं ते सविस्तर कळव. सविस्तर म्हणजे सविस्तर, तुझ्या रिपोर्टसारखं दोन ओळींत नको.

भोंग्या


१५ फेब्रुवारी

भोंग्या,

घोटाळा तुझ्या नानाचा. ऐक सविस्तर.

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, घरातसुद्धा गॉगल लावतो. सूनबाई नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते असं सांगून मला तिथे घेऊन गेली. पांढरी गाडी, बाहेरून नवरी. गॉगलवाला हात जोडून पुढे आला, या काकू, बसा काकू. मी सरळ बॉनेटवर हात ठेवला. भाकरी भाजता आली असती. म्हटलं, काल सांगितलं होतं ना सुरू करू नका म्हणून? तर म्हणे, उन्हाने तापली असेल. गाडी शेडमध्ये उभी होती.

तरी म्हटलं आलोच आहोत तर चालवून बघू. ऑटोमॅटिक पहिल्यांदाच हातात घेतली. तो शेजारी, सूनबाई मागे. पहिल्या चौकापर्यंत मी राणीसारखी गेले. पुढे एक सायकल आडवी आली आणि माझ्या डाव्या पायाने, तुझी तिसरी गोष्ट विसरून, सगळी ताकद लावून क्लच दाबला. क्लच नव्हताच तिथे. गाडी जागच्या जागी थिजली, पट्ट्याने गॉगलवाल्याला धरून ठेवलं, पण गॉगलला पट्टा नव्हता. तो पुढच्या काचेवर जाऊन आपटला. सायकलवाला लांबूनच निघून गेला, त्याला काही कळलंही नाही.

सूनबाई हसता हसता डोळे पुसत होती. घरी नवऱ्याने विचारलं, डोळे का लाल? म्हणाली, डॉक्टरांनी थेंब घातले. पोरगी हुशार आहे.

आता डावा पाय मी चपलेसकट सीटखाली अडकवून ठेवते. पण खरं सांगू? ती दोन मिनिटं मी कुणाचं पार्सल नव्हते. आता गाडी घेतल्याशिवाय राहणार नाही. पुढचं सांग लवकर.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

गॉगलचं वाचून मी इतका हसलो की खालून केकवाल्या पोरीने विचारायला माणूस पाठवला. टपालवाल्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुढे काय झालं ते मलाही सांगा.

पुढचे धडे. ब्रेक दाबून धर आणि गिअरचा दांडा पी वरून आर वर, आर वरून डी वर असा सावकाश ने; पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, डी म्हणजे पुढे. दर वेळी गाडीने हलकेच अंग सावरावं, तेही लगेच. दांडा टाकल्यावर ती विचार करत बसली किंवा धाडकन दणका दिला, तर गिअरबॉक्स थकला आहे. रस्त्यावर वेग वाढवताना इंजिन नुसतंच कोकलतं आणि गाडी पुढे जात नाही, असं झालं तर आत घसरतं आहे.

मग पायाखालच्या सतरंज्या उचल, खाली हात घाल. ओल लागली किंवा कुबट वास आला तर गाडी कधीतरी पाण्यात बसली होती. स्टेपनीच्या खड्ड्यातही बघ. आणि मीटरवर विश्वास ठेवू नकोस, ब्रेकच्या पेडलवरच्या रबरावर ठेव. मीटर म्हणतो थोडीच चालली आणि रबर झिजून गुळगुळीत झालं आहे, तर दोघांपैकी रबर खरं बोलतं. शेवटी सांगाड्यावर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघ, अंक अन् अंक. कागदावरचा मालक आणि समोरचा माणूस एकच आहे का तेही विचार.

माझ्याकडे रांग आहे, थांबतो. (ही रांग बघायला तरी एकदा ये असं म्हणणार होतो, पण तुला कोण आणणार. आणि मी यायचं तर बसमध्ये कंबर बसून राहू देत नाही.) लवकर लिही.

भोंग्या


२ मार्च

भोंग्या,

दोन गाड्या बघितल्या. एकीने हसवलं, दुसरीने झोप उडवली.

पहिली एका दातांच्या डॉक्टरची. राखाडी, आत सेंटचा घमघमाट. मी पट्टी ओढली आणि पिशवीतून टीपकागद काढला. कामावर असतानाचे गठ्ठेच्या गठ्ठे पडले आहेत घरी. थेंब टाकला, पसरू दिला, कडा बघितली, वास घेतला. डॉक्टर बाजूला उभा राहून बघत होता, त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं आहे. थेंब काळा, मध्ये कोळशासारखी भुकटी, आणि वास असा की कुणीतरी दूध उतू घालवून पातेलं करपवलं आहे. मी म्हटलं, डॉक्टर, पेशंटची हिरडी अशी असती तर तुम्ही काय केलं असतं? त्याने घाईघाईने पट्टी परत जागेवर खुपसली. मग म्हणाला, गाडी बायकोची आहे. ते सगळेच म्हणतात. मी नोकरीत असताना नमुन्याची बाटली नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी असायची.

दुसरी गाडी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची. गडद हिरवी, जुनी, पण अंगावर एक ओरखडा नाही. म्हणजे गाडी त्यांच्या बायकोची होती, आणि इथे ते खरंच आहे. ती चालवायची आणि हे शेजारी बसायचे. यांना गाडी येतच नाही. ती गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून दर आठवड्याला वरच्या मजल्यावरचा माणूस गाडी एक फेरी फिरवून आणतो आणि हे शेजारच्या सीटवर बसून जातात. या महिनाअखेर दुकान बंद करून मुलीकडे राहायला जायचे आहेत, म्हणून विकतात. मी विचारलं, काही आवाजबिवाज? म्हणाले, कसलाही नाही, आवाज असता तर मला झोप लागली नसती, माझा धंदाच कानाचा आहे.

मी तुझं सगळं केलं. बॉनेट गार. तेल लाल, टीपकागदावर कुंकवाच्या पाण्यासारखं नितळ, वास फक्त तेलाचा. आर आणि डी लगेच, दणका नाही. वेगात घसरत नाही. सतरंज्या कोरड्या, स्टेपनीच्या खड्ड्यात धूळ. नंबर जुळतो. ब्रेकचं रबर मीटरइतकंच थकलेलं. चालवताना ते शेजारी बसले होते, पट्टा लावून, हात मांडीवर. परत आलो तेव्हा म्हणाले, ती पण असंच वळवायची.

भोंग्या, मला ही गाडी हवी आहे. नजरेत भरली म्हणून नाही, सगळ्या चाचण्या पास झाली म्हणून. तू हो म्हण, म्हणजे चिरंजीवांना सांगता येईल की गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाने पास केली. महिनाअखेरच्या आत उत्तर हवं.

ताई


४ मार्च

ताई,

घाई नको. घाईने लोक जुनी गाडी घेतात आणि नवी डोकेदुखी.

टीपकागदाचं छान केलंस, पण एक चाचणी राहिली आहे आणि तीच सगळ्यात मोठी. मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. काचेचा पेला काठोकाठ पाण्याने भर आणि इंजिन चालू असताना बॉनेटवर ठेव. कुणालातरी ब्रेक दाबून दांडा डी वर टाकायला सांग. एक थेंबही सांडता कामा नये. सांडला तर इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या मधलं सगळं ढिलं झालं आहे, ते बाहेरून दिसत नाही आणि तेलातही कळत नाही. अशी गाडी वर्षभरात रस्त्यावर बसते. मग पुन्हा तुझा हॉर्न वाजवणारा येणार तुला उचलायला.

नापास झाली तर वाईट वाटून घेऊ नकोस. गाड्या काय, ढिगाने आहेत. टायर कसे बघायचे, ते तर मी तुला अजून सांगितलंच नाही. सायलेन्सरही राहिला. निदान चार-पाच पत्रांचं अजून बाकी आहे.

भोंग्या


११ मार्च

भोंग्या,

सांडला.

घड्याळवाल्यांनी स्वतःच्या घरातला पेला दिला. मी काठोकाठ भरला, बॉनेटवर ठेवला. सूनबाईने ब्रेक दाबून डी टाकला आणि पाणी हललं, मग काठावरून एक धार ओघळली. दुसऱ्यांदा केलं. दुसऱ्यांदाही ओघळली.

मी त्यांना म्हटलं, माफ करा, माझा भाऊ यातला माहीतगार आहे, तो म्हणतो अशी घेऊ नये. खिशातून रुमाल काढून त्यांनी बॉनेट पुसलं, सगळं, जिथे पाणी नव्हतं तिथेही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, त्यांच्या बायकोलाच मी नापास करून आले.

येताना सूनबाई गाडी चालवत होती आणि मी शेजारी. ती म्हणाली, आई, दुसरी बघू. मी हो म्हटलं, पण मला दुसरी बघायची नाही. गेले कित्येक दिवस मी मनातल्या मनात त्या हिरव्या गाडीतून सगळीकडे जाऊन आले आहे. मैत्रिणीकडे गेले आणि गप्पा संपेपर्यंत बसले. तुझ्याकडेही एकदा आले होते. आता वाटतं, चिरंजीव म्हणतात तेच खरं असेल. सोडून द्यावं.

ताई


१३ मार्च

ताई,

सोडून बिडून काही द्यायचं नाही. नापास झाली तर झाली, आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. मला काही घाई नाही. म्हणजे तुलाही नसावी.

आज टायर. सोबत चित्रं काढून पाठवतो आहे, चार कागद आहेत. झीज आतल्या बाजूने जास्त, बाहेरच्या बाजूने जास्त, मधोमध जास्त, प्रत्येकाचा अर्थ खाली लिहिला आहे. नीट वाच आणि काही अडलं तर विचार. नाही अडलं तरी विचार.

टपालवाला आज म्हणाला, तुमचं पत्र असलं की मी तुमच्या गल्लीत आधी येतो, नाहीतर तुम्ही जिन्यात उभे असता आणि मला वाईट वाटतं. फाजील माणूस आहे. जिन्यात मी हवा खायला उभा असतो.

घड्याळवाल्यांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मीही लावून घेत नाही. लवकर लिही.

भोंग्या


२२ मार्च

भोंग्या, गाढवा,

हे पत्र बसून वाच.

तुझी टायरची चित्रं टेबलावर पसरून बसले होते. चित्रं सुंदर आहेत, प्रश्न तो नाही. मला एकदम माझी जुनी प्रयोगशाळा आठवली. तिथे आम्ही रोज सकाळी पेशंटच्या नमुन्यांआधी एक माहितीतला, निरोगी माणसाचा नमुना लावायचो. तोच जर आजारी निघाला तर पेशंटमध्ये दोष नाही, चाचणीत दोष आहे, आणि त्या दिवशीचे रिपोर्ट बाहेर जात नाहीत. जन्मभर मी हे केलं आणि तुझ्या पेल्याच्या बाबतीत विसरले. भावाने सांगितलं म्हणून विसरले.

तशीच खाली गेले. चिरंजीवांची गाडी उभी होती, ऑटोमॅटिक, शोरूममधून येऊन वर्षही झालेलं नाही, रोज लेकरासारखी पुसतो. सूनबाईला आत बसवलं, पेला काठोकाठ भरून बॉनेटवर ठेवला. डी टाकला. सांडला. एका वाचनावर मी रिपोर्ट देत नाही, म्हणून दुसऱ्यांदा लावला. जास्तच सांडला. तेवढ्यात चिरंजीव तोंडात ब्रश घेऊन खाली आले, आई हे काय करतेस म्हणून. म्हटलं, तुझी गाडी नापास झाली. त्याला वाटलं मी सूड उगवते आहे.

तर भोंग्या, ब्रेक दाबून डी वर उभी असलेली गाडी थोडी थरथरणारच आणि काठोकाठ भरलेला पेला सांडणारच, हे जन्मभर गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं? आधी वाटलं, चिरंजीवांनी तुला फितवलं. जाऊन त्याला उभा-आडवा विचारलं. त्या बिचाऱ्याला आपली पत्रं चालू आहेत हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. दारात रांग असलेला माणूस पत्र मिळाल्या दिवशीच उत्तर लिहीत नाही. तेही दर वेळी. नाही अडलं तरी विचार, म्हणे. आणि जिन्यात हवा खायला कोण उभं राहतं? वहिनी गेल्यापासून तुझ्याकडे कुणी येत नाही, हे मला कळायला टपालवाला लागला. ताईला गाडी मिळाली की ताईची पत्रं बंद होतील, एवढंच ना?

मला संताप आला आहे. चांगल्या नमुन्यावर मी खोटा रिपोर्ट दिला, तुझ्यामुळे. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. पण त्याहून जास्त राग माझा मला आला आहे, की मी गाडीबद्दल पानंच्या पानं लिहिली आणि तू कसा आहेस, जेवतोस का, हे एकदाही विचारलं नाही. पत्रं हवी होती तर पत्रं मागायचीस, मूर्खा. मी काय नाही म्हणणार होते?

त्याच सकाळी घड्याळवाल्यांकडे गेले. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं. मी सरळ सांगितलं की चाचणी खोटी होती आणि भाऊ एकटा आहे. ते म्हणाले, मग त्यांना एकदा या गाडीतून फिरवून आणा. किल्ली माझ्या हातावर ठेवली. चिरंजीव तीन दिवस बोलत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी गुपचूप विम्याचे कागद करून आणले.

आता खरी तक्रार. मी एकटी चालवते तेव्हा गाडीत टक्-टक् आवाज येतो. वळणावर जास्त. घड्याळवाले शपथेवर म्हणतात, आमच्याकडे कधी नव्हता. सूनबाई बरोबर होती तेव्हा आला नाही, एकटीच असले की येतो. हे पत्रात कळायचं नाही, ऐकायलाच हवं. रविवारी सकाळी निघते. उत्तर पाठवू नकोस, ते पोचायच्या आत मी पोचेन. केकवाल्या पोरीला सांग, दारासमोर जागा ठेव म्हणून.

आणि ओरडायचं नाही.

ताई


३१ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार, या वेळी अर्धा प्रत्यक्ष. कंबर थोडी सुटली आहे. तुझ्या गाडीत चढता-उतरता सुटली असावी.

रविवारी मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं की तू रेडिओ लावत होतीस. तलावाच्या वळणावर मी फक्त हळू म्हणालो, तर तू गाडी बाजूला घेऊन उतर म्हणालीस. मी खरंच उतरलो. फोन ठेवण्यापेक्षा हे वाईट, फोनमध्ये निदान माणूस स्वतःच्या घरात असतो. पुढे जाऊन तू थांबलीस, दार उघडलंस आणि पाण्याची बाटली पुढे केलीस, तेव्हा मला रडू आलं. ते तुला दिसलं नसेल असं मी धरून चालतो. तर लिहूनच सांगतो. पेला खोटा होता. तुला हवी असलेली एकच गोष्ट मी स्वतःसाठी अडवून धरली. चुकलो.

गाडी उत्तम आहे. मी घेतली असती.

आता आवाज. येताना-जाताना सगळा वेळ मी कान लावून बसलो होतो, एकदाही आला नाही. मला वाटलं, तू तो बनवून सांगितलास, मला हवं ते द्यायला. पण तू मला सोडून वळलीस, केकच्या दुकानापुढून एकटी गेलीस आणि तुझ्या उघड्या काचेतून मला तो स्वच्छ ऐकू आला. टक्-टक्. मी जिन्यात उभा राहून हसलो.

शेजारच्या सीटचा पट्टा आहे तो. सीट रिकामी असली की त्याची कडी सैल लोंबते आणि दाराच्या खांबावर आपटते. कुणी बसून पट्टा लावला की आवाज बंद. घड्याळवाले खोटं बोलले नाहीत. ते कायम त्याच सीटवर बसलेले, त्यांना तो कुठून ऐकू येणार.

दोन उपाय आहेत. कडीला कापडाची पट्टी गुंडाळ, दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर शेजारी कुणाला तरी बसव. रविवारी मी मोकळा आहे.

मी तसा सगळेच दिवस मोकळा असतो.

भोंग्या